लेकराच्या भारोभार गूळ

पडेगावात मी पस्तीस वर्षं घरोघरी जाऊन बाळांना न्हाऊ घातलं. आता त्याच घरांत जाते आणि इतक्यात न्हाऊ घालू नका असं सांगते. याचा मला पगार मिळतो.

हे कसं झालं ते आधी सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी एका संस्थेच्या मुली आमच्या भागात फिरायला लागल्या. दौलताबादच्या रस्त्याला लागून जी वस्ती वाढली आहे, तिथं गंगापूर, कन्नड, वैजापूरकडची माणसं भाड्यानं राहतात. नवरा कंपनीत, बायको घरात, आणि बाळंतपणापुरती गावाकडून आलेली सासू नाहीतर आई. मुलींच्या हातात मोबाईल, गळ्यात ओळखपत्र. दारात उभ्या राहून विचारायच्या, "ताई, बाळाला फक्त अंगावरचं दूध देता ना?" दारात उभ्या माणसाला खरं कोण सांगतं? बाया म्हणायच्या, हो, फक्त अंगावरचं. आणि आत सहाणेवर घुटी उगाळायचं चाललेलं असायचं.

त्या संस्थेत एक मॅडम आहेत. शहरातल्या, शिकलेल्या घरातल्या, वडील-आजे सगळे कचेरीत काम केलेले. गावाकडचं त्यांना काही कळत नाही, पण कळत नाही हे त्यांना कळतं. असं माणूस कमी सापडतं. त्यांनी मुलींना सांगितलं, पुढच्या वेळी एकच विचारा: बाळाचं काही अडलं तर तुम्ही कुणाला विचारता? बऱ्याच घरांतून एकच उत्तर आलं. न्हाऊ घालणाऱ्या म्हातारीला. म्हणून मॅडम माझ्या दारात आल्या.

मी म्हटलं, "माझी शाळा चौथीपर्यंत. फॉर्मबिर्म भरणार नाही."

"फॉर्म आम्ही भरू, आजी. तुम्ही फक्त घराच्या आत जा."

मग पाच दिवस शिकवणी झाली. कापडाची बाहुली घेऊन बाळ कसं धरायचं ते मला एक पंचविशीतली मुलगी शिकवत होती. मी धरून दाखवलं तर म्हणाली, छान. टाळूवर तेल ओतू नका, नाकात तेल सोडू नका, मुलीची छाती दाबू नका, मध चाटवू नका, कमी वजनाच्या बाळाला अंघोळ नको, आईच्या उराशी उघडं धरून ठेवा. पाच दिवसांत मला कळलं की मी आयुष्यभर केलेल्या कामातलं निम्मं बरोबर होतं आणि निम्मं चूक. कोणतं निम्मं, हे लक्षात ठेवणं अवघड गेलं. ते किती अवघड गेलं ते पुढं येईलच.

मॅडमनी विचारलं, वाईट वाटलं का? वाईट वाटून काय होणार होतं. ज्यांच्या टाळूवर मी तेल ओतलं ते आता स्वतः रिक्षा चालवतात.

घरात जायची माझी पद्धत जुनीच आहे. रिकाम्या हातानं जात नाही. ओवा, शेपा, निदान चार लिंबं. दिवेलागणीला जात नाही. गेल्यावर बाळाकडं आधी बघायचं नाही, आजीकडं बघायचं. गाव कोणतं, माहेर कुठलं, एवढं विचारलं की दोन घोट चहात काहीतरी नातं निघतंच. नाही निघालं तर एकमेकींच्या गावच्या बाजाराला नावं ठेवायची. आणि बाळ हातात घेतलं की चांगलं म्हणायचं नाही. "काय हे काळं माकड," असं म्हटलं की घरातले खूश होतात. संस्थेच्या मुली "किती गोड!" म्हणायच्या आणि त्या गेल्या की आजी मीठ-मोहऱ्या ओवाळायची.

आता त्या एका घराचं सांगते.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. मुलगा कंपनीत कामाला, त्याची बायको विशीची, आणि लासूर स्टेशनच्या बाजूच्या गावातून आलेली त्याची आई. सुनेला नववा महिना लागायच्या आधीच मुलगी झाली होती. सरकारी दवाखान्यात पंधरा-सोळा दिवस ठेवून घरी सोडलं तेव्हा लेकरू एक किलो आठशेचं. सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर आठवड्याला वजन करा. वाढलं तर घरी ठेवा, नाही वाढलं तर लगेच घेऊन या.

संस्थेची मुलगी काटा घेऊन गेली. झोळीचा काटा, वर अडकवायचा, खाली बाळ ठेवायचं. सासूनं तिला दारातूनच घालवलं. म्हणाली, "माझी नात काय कांदे हाय का मोजायला?" दुसऱ्यांदा गेली तर दारच उघडलं नाही. मॅडमनी मला सांगितलं.

मी गेले. सासू पंचावन्नची असेल, अंगानं उभी, तोंडानं फटकळ. मला बघून खूश झाली. न्हाऊ घालणारी बाई ती शोधतच होती.

"बरं झालं मावशी आलात. पाणी तापलंच हाय."

"लेकराला न्हाऊ घालायचं नाय," मी म्हटलं. "लई बारीक हाय. गारठंल."

"मग तुम्ही कशाला आलात?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "तुझ्या सुनंला न्हाऊ घालते. ती बी नुकतीच दवाखान्यातून आली. तिच्याकडं कुणी बघितलं का?"

सून खाटेवर बसून होती. हाडं दिसत होती. मी तिच्या पाठीला तेल लावलं, कडक पाण्यानं अंघोळ घातली, शेक दिला. मग लेकराला तिच्या उराशी उघडं ठेवून वरून साडीच्या पट्ट्यानं बांधलं. लेकरू म्हणजे केवढं, सोललेल्या मक्याच्या कणसाएवढं. त्याला ऊब लागली तसं ते हलायचं थांबलं आणि झोपलं. सून म्हणाली, "आज्जी, हिच्या छातीतली धडधड मला लागती." सासू बघत होती. म्हणाली, "माकडीण पिल्लू धरती तसं दिसतंय." मी म्हटलं, माकडिणीचं पिल्लू कधी गारठून मेलेलं बघितलंस का?

माझं माहेर देवगाव रंगारीजवळचं. तिची नणंद तिकडं दिलेली. तेवढं नातं पुरलं. निघताना तिनं सुनेच्या जेवणाखाण्याचं विचारलं, मी चार शब्द सांगितले आणि घरी आले. काट्याचा विषय मी पहिल्या दिवशी काढलाच नाही.

दोन दिवसांनी काढला. तिचा चेहरा एकदम उतरला. तिनं सुनेला आतल्या खोलीत पाठवलं आणि मला सांगितलं.

"माझं दुसरं पोरगं. ह्याच्या पाठीवरचं. सहा महिन्याचं व्हतं, असं गुबगुबीत. ह्यांनी बाजाराला नेलं लासूरला. आडत्याच्या दुकानी कांद्याचा काटा चालू. आडत्या म्हणला, ठेव तुझं पोरगं, बघू किती भरतंय. ह्यांनी ठेवलं. हमालानं हाळी दिली, आठ किलो! समदा बाजार हसला. लोक वाकून वाकून बघायले. नवव्या दिवशी गेलं माझं लेकरू."

"कशानं गेलं?"

"जुलाब लागले. पर लागले कशानं?"

जुलाब पाण्यानं लागतात. पावसाळ्याचे दिवस असतील, विहिरीचं पाणी असेल. हे मला शिकवणीच्या आधीपासून माहीत आहे. पण तीस वर्षं जी बाई काट्याला खुनी मानते तिला पाण्याचं सांगून काय उपयोग? मग माझ्या डोक्यात आलं ते विचारलं.

"देवाच्या दारात गुळाची तुला करतात. लेकरू एका पारड्यात, गूळ एका पारड्यात. तवा नजर लागती का?"

"तिथं कोण आकडा बोलतंय? ते देवाचं असतंय."

"मग हे बी देवाचं करू."

ती बराच वेळ तांदळातले खडे काढत बसली. मला वाटलं ऐकलंच नाही. मग एकेक अट सांगायला लागली. करायचं तर शुक्रवारीच, देवीचा वार. लोखंडी काटा घरात आणायचा नाही. घरात कुणी आकडा बोलायचा नाही. गूळ देवापुढं डब्यात राहणार, त्याला कुणी हात लावायचा नाही. लेकरू धडधाकट झालं की तिच्या भारोभार गूळ गल्लीत वाटायचा.

मी म्हटलं, "समदं कबूल. पर गूळ मी दुकानात नेऊन मोजून आणणार. दवाखान्याला सांगावं लागतं. तुला अंधारात ठेवत नाय, आधीच सांगते."

"गुळाला व्हय? मोजा की. गुळाला कुणाची नजर लागती?"

शुक्रवारी सकाळी मुलानं कामावर जायच्या आधी पाळण्याच्या कडीला दोरी बांधून एक दांडा मधोमध टांगला. दोन्ही टोकांना सारख्या दुरड्या. दोन्हींत सारखी धडुती. एकीत लेकरू ठेवलं, दुसरीत सासूनं गूळ ठेवला. गावाकडून ढेप आणलेली होती, ती कोयत्यानं तोडून तोडून ठेवत गेली. दांडा सरळ झाला तेव्हा तिनं हात जोडले. सुनेनं लेकरू उचलून लगेच उराशी घेतलं.

मी गूळ फडक्यात बांधला आणि चौकातल्या किराणा दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, त्याच्या दोन्ही पोरांना मी न्हाऊ घातलं आहे.

"क्या अम्मा, गुड बेचने आये क्या?"

"बेचायचा नाय. मोज फक्त."

"एक किलो आठशे दस. लाओ, मेरे कू दे देव."

"देवीचा हाय. हात लावू नको."

"तो फिर तौले कायकू?"

मॅडमना आकडा कळवला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, थोडा फरक पडेल आजी, पण लिहून घेते. मी म्हटलं, काहीच नसण्यापेक्षा थोडा फरक बरा.

पुढच्या शुक्रवारी डब्यातला तोच गूळ एका दुरडीत आणि लेकरू दुसऱ्या. लेकराची बाजू जराशी खाली गेली. म्हणजे लेकरू वाढलं. सासूनं ढेपेतून अंड्याएवढा खडा तोडून गुळात घातला तेव्हा दांडा सरळ झाला. तो खडा घालायच्या आधी तिनं हातात धरून बघितला. "एवढी वाढली?" मी म्हटलं, एवढी. आकडा सांगून जे तिला कधी कळलं नसतं ते हातात धरून कळलं. आठवड्याची वाढ, अंड्याएवढी. ती खड्याशी बोलल्यासारखी पुटपुटली आणि ठेवून दिला. दुकानात एक किलो आठशे ऐंशी भरलं. डॉक्टरांना पाहिजे होती त्यापेक्षा वाढ कमी, पण वाढ.

तिसऱ्या शुक्रवारी गंमतच झाली. लेकरू दुरडीत ठेवलं तशी ती बाजू धाडकन खाली. सासूनं एक खडा घातला, दुसरा घातला, तिसरा घातला. मूठभर गूळ गेला तेव्हा दांडा सरळ झाला. सासूनं टाळ्या वाजवायचंच बाकी ठेवलं. "बघा मावशी! म्हणत व्हता ना, बारीक हाय, बारीक हाय!" मुलाला फोन लावला. सुनेकडं मी बघितलं तर ती खाली मान घालून लेकराची चिंधी सारखी करत होती. मला वाटलं दमली असेल. मीही खूश झाले. खूश झालं की माणूस बघत नाही.

दुकानात गूळ ठेवला. दुकानदार म्हणाला, "एक किलो आठशे नव्वद."

"परत ठेव."

परत तेवढंच. मी म्हटलं, तुझा काटा बिघडलाय. त्यानं एक किलोचं वजन ठेवून दाखवलं. काटा बरोबर होता. मागच्या शुक्रवारी अठराशे ऐंशी, आज अठराशे नव्वद. मग ती मूठभर वाढ गेली कुठं? मी आजचे तीन खडे बाजूला काढले आणि जुना गूळ एकटा ठेवायला लावला. अठराशे ऐंशी भरायला पाहिजे होता. सोळाशे ऐंशी भरला.

मी दुकानाच्या पायरीवर बसले. डब्यातला दोनशे ग्रॅम गूळ कमी झाला होता. म्हणून तो हलका आणि लेकरू जड वाटलं. आम्ही जी मूठभर वाढ म्हणून नाचलो तो चोरीला गेलेला गूळ होता. लेकरू आठवड्यात दहा ग्रॅम वाढलं होतं. म्हणजे वाढलंच नव्हतं.

गूळ हातात घेऊन फिरवून बघितला. उंदराचे दात मला ओळखता येतात. हे दात नव्हते. कड नखानं खरवडलेली होती, थोडी थोडी, बऱ्याच वेळा.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजी, दवाखान्यात न्यायला हवं. उद्यावर टाकू नका."

"नेते. पर आधी घरात जाऊन येते. हे असंच नेलं तर ती सासू वाटेत रिक्षातून उतरंल."

घरात गेले तर सासू तव्यावर भाकरी टाकत होती. सून खाटेवर. मी फडकं सोडलं, गूळ दोघींच्या मधे ठेवला आणि सांगितलं. लेकरू वाढलं नाही. गूळ कमी झाला.

"मुंग्या," सासू म्हणाली.

"मुंग्यांना एवढं जमत नाय."

"मग त्यानंच खाल्ला असंल, माझ्या पोरानं. लहानपणापासनं गुळाचा चोर. येऊ दे घरी, देवीचा गूळ—"

"मी खाल्ला," सून म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपायला लागली. कुणी उलटली नाही.

"देवीचा?" सासू म्हणाली. "नवसाचा? लेकराच्या भाराचा?"

"भूक लागती, आत्याबाई. ती ओढती आन् माझ्या पोटात काय नसतंय. डोळ्याम्होरं अंधारी येती. एक चिमूट खाल्ला की बरं वाटतंय. मी म्हणलं, एक चिमटीनं काय व्हतंय."

मला राग आला तो सासूचा. मी म्हटलं, "काय देतीस तू ह्या पोरीला खायला?"

"अर्धी भाकर सकाळी, अर्धी सांजच्याला. तूप, मेथी. पाणी घोट घोट."

"एवढ्यावर दूध येतंय का? तुला तीन लेकरं झाली, तुला एवढी अक्कल—"

"ये म्हातारे!" ती उठून उभीच राहिली. मावशी गेलं, म्हातारी आली. "पहिल्या दिवशी कोण म्हणलं, बाळंतिणीचं पोट हलकं ठेव, लेकराला बाधतंय? कोण म्हणलं, अर्धी भाकर लई झाली, पाणी भरू नको, अंग सुटतंय? ह्याच उंबऱ्यात उभी राहून कोण म्हणलं?"

मी म्हटलं होतं.

मला ते आठवतही नव्हतं, इतकं ते तोंडात बसलेलं होतं. पस्तीस वर्षं प्रत्येक घरातून निघताना मी तेच सांगत आले. माझ्या आईनं मला तसंच ठेवलं होतं, तिला तिच्या सासूनं. शिकवणीत एक पूर्ण दुपार त्याच्यावर गेली होती: बाळंतिणीला एरवीपेक्षा जास्त द्या, दोन माणसांचं द्या, पाणी मागेल तेवढं द्या. मी मान डोलावली होती. आणि त्या दिवशी तेलानं माखलेले हात पुसता पुसता जुनं तेच बोलून गेले होते. ही बाई माझं ऐकत होती. काट्याचं ऐकत नव्हती, मॅडमचं ऐकत नव्हती, माझं ऐकलं आणि माझं चुकीचं होतं.

लपवण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं, "मी म्हणलं. चुकीचं म्हणलं. ही पोरगी माझ्या सांगण्यावरनं उपाशी राहिली. गुळाला हात लावला त्याचं पाप तिचं नाय. असलंच तर माझं."

"तुम्ही बायांनी एकदा काय ते ठरवा," सासू म्हणाली. "एक म्हणती न्हाऊ घाल, एक म्हणती घालू नको. एक म्हणती खाऊ घाल, एक म्हणती नको घालू. आम्ही कुणाचं ऐकावं? लेकरू आमचं जातंय."

तिनं करपलेली भाकरी तव्यावरून काढली, नवी थापायला घेतली. थापताना ती पिठाशी भांडत होती. सून रडत होती, तिचं रडणं लेकराला लागत होतं म्हणून ते कुरकुरत होतं. मी पदर खोचून रिक्षा बघायला निघाले तेव्हा ती मागून बोलली. माझ्याशी नाही, देव्हाऱ्याकडं तोंड करून.

"गूळ गेला हिच्या पोटात. हिच्या पोटातनं दुधात. दूध लेकरात. म्हंजे भाराचा गूळ भारातच गेला. बाहेर कुठं गेला नाय." मग सुनेकडं वळून, "रडू नको. पर चोरून खाल्लास ते वाईट. मागायचा व्हता."

"तुम्हाला मागू?" सून म्हणाली.

सासूला हे लागलं. ते मी बघितलं. तिनं भाकरी उतरवली, अख्खी, त्यावर तूप ओतलं, खरवडलेल्या गुळाच्या कडेचा तुकडा मोडून वर ठेवला आणि ताट सुनेच्या मांडीवर ठेवलं. "खा. रिक्षा थांबंल."

मी म्हटलं, "दुसरी बी टाक."

"तू गप. तुझं ऐकूनच हे झालंय." पण तिनं दुसरी टाकली.

सव्वा महिना व्हायचा होता, म्हणून बाहेर पडताना तिनं सुनेच्या ओच्यात लोखंडी चाकू आणि लिंबाचा पाला बांधला. मी हरकत घेतली नाही. दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी लेकरू तपासलं, पाजताना बघितलं. आजार काही नव्हता. आईला विचारलं, काय खातेस? सून सासूकडं बघायला लागली. सासू म्हणाली, "आजपासनं समदं खाती." डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, तीन दिवसांनी परत दाखवा, तेव्हा वाढलं नसेल तर ठेवून घेऊ.

ते तीन दिवस मी रोज गेले. काही करायला नव्हे, ताट बघायला. सकाळी भाकरी, भाजी, वरण. दहाला शिरा नाहीतर हळीवाची खीर. दुपारी परत जेवण. पाण्याचा तांब्या उशाशी भरलेला. सासू हट्टी बाई, हट्टी बायांचा एक फायदा असतो. एकदा बाजू बदलली की त्या बाजूचाही तेवढाच हट्ट करतात. सून म्हणाली, "आज्जी, आता पोट फुटंल माझं." मी म्हटलं, फुटू दे.

मॅडमना मी सगळं सांगितलं, माझं चुकलेलंही. त्या म्हणाल्या, "आजी, हे आमचं चुकलं. आम्ही एकदा सांगितलं आणि तुम्हाला आलं असं समजलो." मी म्हटलं, तुमचं काय चुकलं, तोंड माझं होतं. पण तेव्हापासून त्यांनी एक केलं. महिन्यातून एकदा आम्ही सगळ्या घरभेटीच्या बाया बसतो आणि जुन्या तोंडून काय काय निघून गेलं ते एकमेकींना सांगतो. हसून हसून पुरेवाट होते. चार घरांत मी पोट हलकं ठेवा म्हणून आले होते. चारही घरांत परत जाऊन सांगितलं. एका घरी म्हणाले, आम्ही ऐकलंच नव्हतं. बरं झालं.

मॅडमना आता गुळाची युक्ती सगळीकडं करावीशी वाटते. मी नको म्हटलं. पुढच्या घरात गूळ चालणार नाही, तिथं दुसरंच काहीतरी अडलेलं असेल. ते त्या घरात बसल्यावरच कळेल.

तीन दिवसांनी दाखवलं, लेकरू वाढलं होतं. चौथ्या शुक्रवारी मी डबा आधी हुंगून, फिरवून, चारही बाजूंनी बघितला. सासू म्हणाली, "विश्वास नाय व्हय?" मी म्हटलं, नाय. सासूनं मोडलेल्या तुकड्याची भर ढेपेतून घातलेली होती, बाकी गूळ जिथल्या तिथं होता. गुळाच्या बाजूला तिनं घातलेला खडा पेरूएवढा होता आणि दुकानात तो पेरूएवढाच भरला. पाचव्या शुक्रवारी तसाच. सहाव्याला त्याहून मोठा. लेकराच्या मांडीला वळी पडायला लागली. आता ते रडलं की शेजारच्या घरात ऐकू जायचं, आधी उशाशी बसलं तरी ऐकू यायचं नाही.

सातव्या आठवड्यात दवाखान्यात बोलावलं होतं. तिथं लोखंडी काटाच असतो, दुसरा कुठून आणणार? सासू म्हणाली, मी आत येत नाय. बाहेर बाकावर पाठ करून बसली, पदर कानावर ओढून. नर्सनं लेकरू ठेवलं, आकडा बोलली, कागदावर लिहिला. डॉक्टरीण बाई हसल्या. अडीच किलोच्या वर लेकरू गेलं होतं. आता दर आठवड्याला यायचं कारण नाही म्हणाल्या.

सून बाहेर आली ती हसतच आली. सासूनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता चपला घातल्या. रिक्षात बसलो. मधे लेकरू, एका बाजूला सून, एका बाजूला आम्ही दोघी म्हाताऱ्या दाटीवाटीनं. छावणीचा भाग मागं पडला तशी ती माझ्याकडं वाकली.

"किती भरली?"

मी तोंड उघडलं.

"मोठ्यानं नको."

मी तिच्या कानात सांगितलं. दोन किलो पाचशे साठ.

तिनं हात पुढं करून लेकरू सुनेकडून स्वतःकडं घेतलं, दोन्ही हातांवर तोललं, जरा वर उचललं, परत खाली आणलं.

"काट्यात खोट हाय," ती म्हणाली. "हातात जास्त भरतीय."